भिंत वाळेपर्यंत थांबा : पूरपट्ट्यात सेवेला येणाऱ्या मंडळींना खुले पत्र

प्रति,
वारकरी दिंड्या, सत्संग मंडळे, जैन संघ, गुरुद्वारा समित्या, मशिदींचे ट्रस्ट, चर्चचे युवक गट आणि देवाचे नाव घेऊन कृष्णा-पंचगंगेच्या काठी सेवेला येणारे सगळे

सप्रेम नमस्कार.

पाणी चढले की सगळ्यात आधी तुम्ही येता, हे या पट्ट्यात कुणाला सांगावे लागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा तिथे ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा भाकरीची चळत आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन कोण कोण उभे होते, ते शिरोळ, पलूस आणि मिरज तालुक्यांतल्या गावांनी पाहिले आहे. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाडलाही हेच दिसले. त्याबद्दल ऋण आहेच. पण हे पत्र आभाराचे नाही. पुढच्या पावसाळ्यात गाड्या भरायच्या आधी काही गोष्टी तुमच्या कानावर घालायच्या आहेत.

पहिली म्हणजे तारीख. तुमचे ट्रक पहिल्या आठवड्यात येतात आणि दहाव्या दिवसापर्यंत परततात. घराचे काम दहाव्या दिवशी सुरू होते आणि नीट केले तर दिवाळीच्या पुढे जाते. ज्या आठवड्यात गावाला भाकरी हवी असते त्या आठवड्यात शंभर माणसे लागतात, खरे आहे. पण ऑक्टोबरच्या उन्हात एका घरामागे सहा माणसे मिळाली तर ते घर पुढची वीस वर्षे उभे राहते. ती सहा माणसे सहसा नसतात. मग घरधनी घाईघाईने, उसनवारीने, ओल्या भिंतीवरच गिलावा मारतो आणि पुढच्या पावसाळ्याआधीच त्याचे पोपडे सुटतात.

आता कामाचा क्रम.

पाणी ओसरल्यावर घरात शिरायची सगळ्यांनाच घाई असते. आधी बाहेरून एक फेरी मारा. महावितरणच्या वायरमनने खांबावरून पुरवठा तोडल्याची खात्री झाल्याशिवाय ओल्या भिंतीला हात लावायचा नाही. घरातला मेन स्विच बंद आहे एवढ्यावर भागत नाही, कारण सर्व्हिस वायर कुठे सोललेली आहे ते चिखलात दिसत नाही. काठी हातात ठेवा. नाग, घोणस कोरड्या कोपऱ्याच्या शोधात माळ्यावर, लाकडाच्या ढिगात, गुंडाळलेल्या सतरंजीत बसलेले असतात. बूट गुडघ्यापर्यंतचे आणि हातमोजे रबरी हवेत, अनवाणी सेवा इथे नको. उंदरांचे मूत मिसळलेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो पायाच्या साध्या भेगेतून शिरतो. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून, येण्याच्या आधी ठरवा.

मग भिंती बघा. या पट्ट्यातली जुनी घरे पांढऱ्या मातीची, नाहीतर मातीच्या मसाल्यात बसवलेल्या दगड-विटांची. अशी भिंत पाण्यात असताना बऱ्याचदा उभी राहते, कारण दोन्ही बाजूंनी पाण्याचा दाब सारखा असतो. पाणी उतरल्यावर, आणि विशेषतः कडक ऊन पडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती बसते. खालचे थर भिजून लोण्यासारखे झालेले असतात आणि वर छपराचे ओझे तसेच असते. म्हणून ‘पुरात टिकली’ म्हणून त्या भिंतीवर विश्वास ठेवू नका. ओळंबा सोडा. मधल्या भागात दोन इंचांहून जास्त पोट सुटलेले दिसले, किंवा कोपऱ्यात वरून खाली रुंदावत जाणारी भेग असली, की त्या खोलीत कुणीही झोपायचे नाही. जनावरसुद्धा बांधायचे नाही. भिंतीच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर आडवी फळी लावून तिला बल्लीचा तिरका टेकू द्या. टेकूचा पाय नुसत्या चिखलात रोवला तर तो रात्रीत रुतून सैल पडतो. त्याखाली जाड फळी घाला आणि पाचर ठोकून घट्ट करा. दर दोन दिवसांनी पाचर पुन्हा ठोकावी लागते, कारण माती वाळताना आकसते.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचे पाणी जिथे शिरले तिथे, धोका डोक्यावर असतो. माळवदाच्या घरावर सहा इंच माती असली, तर दहा बाय बाराच्या खोलीवर कोरडी असतानाच अडीच-तीन टन ओझे असते. भिजल्यावर ते आणखी वाढते आणि त्याच वेळी खालची तुळई भिंतीत जिथे टेकते ती जागा मऊ झालेली असते. माळवदावर चढून माती काढायच्या आधी आतून प्रत्येक तुळईखाली खांब उभा करा. आठ-दहा उत्साही पोरे एकदम वर चढली, की पुढे काय होईल ते सांगायला नको. कोकणातल्या जांभ्याच्या भिंती त्या मानाने लवकर वाळतात. तिथे चिऱ्यांपेक्षा पायाखालची माती धुपली आहे का, ते आधी बघायचे.

यानंतरची गोष्ट लक्ष देऊन वाचा, कारण सेवेच्या भरात सगळ्यात मोठे नुकसान इथे होते. पंचनामा होईपर्यंत पडलेल्या भिंतीचा ढिगारा हलवू नका. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट भागातले घर पूर्ण पडले तर १,२०,००० रुपये ठरले होते. अंशतः पडझड किमान १५ टक्के असली तर पक्क्या घराला ६,५०० व कच्च्या घराला ४,००० रुपये होते. तुम्ही रविवारी येऊन पडलेली मागची भिंत उचलून, जागा झाडून, सडा घालून गेलात आणि सोमवारी तलाठी आला, तर त्याला दिसते स्वच्छ परसू आणि उभ्या तीन भिंती. कुटुंबाचे लाखाचे काम सहा हजारांवर येते. यात तलाठ्याला दोष देऊन चालत नाही, तो समोर दिसते ते लिहितो.

तेव्हा आधी फोटो. चारही बाजूंनी, प्रत्येक खोलीतून, घरातले एक माणूस फोटोत उभे करून. भिंतीवर पाण्याची रेघ जिथे उमटली आहे तिथे कोळशाने किंवा रंगाने ठळक खूण करा आणि टेप लावून जोत्यापासूनची उंची फोटोत येईल असे बघा. घराचा नमुना ८ चा उतारा किंवा मिळकत पत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पासबुक भिजले असेल तर कागद एकमेकांपासून सोडवायची घाई करू नका. सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरे कागद घालून वाळवा. उन्हात ठेवलेला कागद वाकडा होतो आणि शाई उडते. तुमच्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा बँक कर्मचाऱ्याने दिवसभर हेच काम केले, तर त्याची सेवा फावडे मारणाऱ्यापेक्षा कमी नाही.

चिखल मात्र थांबत नाही. तो ओला असतानाच निघतो. दोन-तीन दिवस गेले आणि ऊन पडले, की त्याला कुदळ लागते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा इंच चिखल म्हणजे ६० घनफूट, अर्ध्या ब्रासहून थोडा जास्त (ब्रास म्हणजे १०० घनफूट). घमेल्याच्या हिशोबाने १७० घमेली, वजनाने जवळपास तीन टन. हे आकडे यासाठी दिले, की किती माणसे आणायची ते घरी बसून ठरवता यावे. आत दोघे फावड्यावर, दारापासून ट्रॉलीपर्यंत सहा-सात जणांची साखळी आणि दर अर्ध्या तासाने जागांची अदलाबदल. एवढ्यात एक खोली दुपारपर्यंत मोकळी होते. पन्नास माणसे आणली तर दारात गर्दी होते आणि निम्मी फोटो काढत बसतात. चिखल गटारात ढकलू नका. गटार तुंबले की पुढच्या सरीचे पाणी पुन्हा त्याच उंबऱ्यातून आत येते. ट्रॅक्टरची ट्रॉली आधी ठरवा, चिखल कुठे टाकायचा ते ग्रामपंचायतीला विचारा, मग फावडे उचला.

आणि मातीच्या भिंतीवर पाण्याचा फवारा मारू नका. मोटर लावून जोरात धुतले की गाळ जातो, त्याच्याबरोबर सांध्यांतला मसालाही जातो. मातीची भिंत खरवडायची आणि ओल्या फडक्याने पुसायची. पंप फक्त फरशीला आणि सिमेंटच्या गिलाव्याला चालतो.

फरशी आधी साबणाने, मग ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने. चिखलावरच पावडर भुरभुरवली तर तिचा जोर चिखलातच संपतो. ब्लिचिंग आणि संडास साफ करायचे ॲसिड एकत्र करायचे नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात माणूस गुदमरतो. विहिरीत पावडर किती टाकायची ते आरोग्य सेवकावर सोडा. तो पाणी मोजून हिशोब करतो आणि नंतर ओटी चाचणीने क्लोरीन उरले का ते बघतो. आपण श्रद्धेने मूठभर जास्त टाकले म्हणून पाणी जास्त शुद्ध होत नाही.

इथवरचे काम जोमाने होते. पुढचे काम म्हणजे वाट पाहणे, आणि तिथे सगळे चुकतात.

नऊ इंची विटेची भिंत आठ दिवस पाण्यात राहिली, तर ती वाळायला आठवडे लागतात, पावसाळी हवेत महिने लागतात. बाहेरून हाताला कोरडी लागते, आत पाणी असते. ओळखायची साधी रीत आहे. दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिकचा कागद घ्या, भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला दव साचल्यासारखे थेंब दिसले, तर भिंत अजून ओली आहे. हीच चाचणी जमिनीपासून एक फुटावर, तीन फुटांवर आणि पाण्याच्या रेघेवर करा. खालची जागा सगळ्यात शेवटी वाळते. दारे-खिडक्या दिवसभर उघड्या, सामान भिंतीपासून हातभर लांब, आणि गिलावा बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. बद्द आवाज आला तिथे गिलाव्याने भिंत सोडली आहे, तेवढाच भाग पाडायचा. टणटणीत वाजतो तो राहू द्या. सरसकट सगळा गिलावा पाडणे म्हणजे कुटुंबाच्या डोक्यावर आठ-दहा पोत्यांचा खर्च घालणे.

अडचण कॅलेंडरची आहे. इकडचा पूर जुलै-ऑगस्टातला, आणि त्याच्या पाठोपाठ गणपती. २०१९ मध्ये पूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आणि गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला. २०२१ मध्ये जुलैअखेरचा पूर आणि चतुर्थी १० सप्टेंबरला. घरच्या बाईची इच्छा असते, की बाप्पा येईपर्यंत भिंत रंगलेली असावी. सेवेकऱ्यांचा जीव त्यात अडकतो, कुणीतरी ऑइल पेंटचे चार डबे देणगी देतो आणि ओल्या भिंतीवर रंग चढतो. रंगाचे कातडे झाले, की आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ते क्षार घेऊन रंगाच्या मागे साचते, पांढरा लोणा फुटतो, दिवाळीपर्यंत फोड येतात आणि होळीपर्यंत पोपडे पडतात. भिंत पुन्हा खरवडायची, पुन्हा रंगवायची. देणगीतून आलेला रंग असा महागात जातो.

यावर तोडगा जुनाच आहे, चुना. चुन्यातून भिंत श्वास घेते. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात चुनकळी हळूहळू, साधारण एक किलोला पाच लिटर पाणी. पाणी खळखळ उकळते, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि लहान मुले लांब. रात्रभर मुरू द्या, जाड कापडातून गाळा, थोडा डिंक घाला. पातळ तीन हात. हे काम तुमच्यातले कुणीही करू शकेल आणि गणपतीच्या आधी होऊ शकेल. बाप्पा बसतील ती एक भिंत चुन्याने पांढरी झाली, की घरच्या बाईचाही हट्ट उरत नाही. (घरच अजून राहण्याजोगे नसेल तर शेजारधर्म आहेच. कुरुंदवाडमध्ये मशिदीत गणपती बसतो, हे या पट्ट्यात नव्याने सांगायला नको.)

फुगलेल्या दाराला रंधा मारू नका. हे वाक्य प्रत्येक सुताराने प्रत्येक सेवेकऱ्याला ऐकवायला हवे. दार अडकते म्हणून कड तासली, तर लाकूड वाळल्यावर अर्ध्या इंचाची फट पडते. दार बिजागरीतून काढून सावलीत सपाट ठेवा, महिनाभर पडदा लावून भागवा.

आता नवे बांधकाम. वीट आणायच्या आधी एक प्रश्न ग्रामपंचायतीत आणि पाटबंधारे खात्याकडे विचारायचा : घर निळ्या पूररेषेच्या आत आहे का? निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधला पट्टा निषिद्ध क्षेत्र आहे. तिथे तुम्ही भक्तिभावाने पक्के घर बांधून दिलेत, तर त्या कुटुंबाचा पुनर्वसनाचा दावा कमकुवत होऊ शकतो आणि पुढच्या पुरात तेच घर पुन्हा बुडते. अशा ठिकाणी पत्र्याचा, नट-बोल्टचा, खोलून हलवता येईल असा निवारा द्या आणि उरलेला पैसा वरच्या जागेवरच्या जोत्यासाठी राखून ठेवा. वर जागा मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीत जागा मिळाल्या, पण गोठा, वैरण आणि शेत खालीच राहिले. म्हैस जिथे, तिथे माणूस. वरच्या घराला गोठ्याची जागा नसेल तर ते घर कुलूपबंदच राहणार, हे नकाशा काढतानाच लक्षात घ्या.

बांधता येण्यासारखी जागा असेल, तर पाया बघा. इथली काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यावर उथळ पाया टाकला की दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फार खोल असेल तर पायाखाली दोन फूट मुरमाची गादी द्या, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. खणून काढलेली काळी माती परत जोत्यात भरायची नाही. हे सोपे पडते म्हणून सगळे करतात आणि मग फरशी उचलली जाते. जोत्याच्या माथ्यावर सगळ्या भिंतींखालून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, किमान चार इंच जाड, त्यात १० मिलिमीटरच्या दोन सळया, कोपऱ्यात वळवून एकमेकींत गुंतवलेल्या. तसाच पट्टा दारा-खिडक्यांच्या डोक्यावर. घराचे कोपरे एकमेकांना धरून ठेवतात ते या दोन पट्ट्यांनी. पैसे कमी पडले तर फरशी शहाबादीऐवजी कोब्याची करा, पण पट्टा गाळू नका.

दहा बाय बाराची, नऊ फूट उंच, नऊ इंची भिंतींची एक खोली धरली तर नऊ बाय चार बाय तीनच्या साडेतीन ते चार हजार विटा, एकास सहाच्या (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) मसाल्याला बारा पोती सिमेंट आणि साधारण एक ब्रास वाळू. दोन्ही बाजूंच्या गिलाव्याला आणखी आठ-नऊ पोती. भट्टीप्रमाणे विटेचे माप बदलते, म्हणून मागणी नोंदवण्याआधी वीट हातात घेऊन मोजा. सिमेंट एकदम भरून ठेवू नका. ओल्या गोदामात तीन महिने पडलेल्या पोत्याचा जोर बराच कमी होतो. देणगीत आलेल्या पोत्यावरचा आठवडा आणि वर्ष वाचा, मुठीत दाबून बघा, खडे लागले तर ते कोब्यालासुद्धा वापरू नका. पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब.

जुनी भिंत उभी आहे पण खालचे दोन-तीन थर धुतले गेले आहेत, असे बऱ्याच घरांत असते. सगळा खालचा भाग एकदम मोकळा केला तर भिंत अंगावर येते. तीन फुटांचा एक तुकडा उघडायचा, नवे थर भरायचे, वरचा सांधा कोरड्या मसाल्याने ठासायचा, दोन दिवस सोडायचे, मग मधला तुकडा सोडून पुढचा घ्यायचा. याला अनुभवी गवंडी लागतो. तुमच्या मंडळातला ‘घरचे प्लास्टर मी केले होते’ म्हणणारा इथे चालणार नाही.

गवंड्यावरून आणखी एक. एका गवंड्यामागे दोन, फार तर तीन मदतनीस लागतात. तीस सेवेकरी आणि एक गवंडी अशी जत्रा भरली, की गवंड्याचा दिवस माणसांना कामे वाटण्यातच जातो. येताना गवंडी बाहेरून आणू नका. गावातले गवंडी, सुतार, वायरमन यांचीही घरे बुडालेली असतात आणि त्यांना मजुरी हवी असते. त्यांना पूर्ण रोज द्या, शनिवारी रोख द्या. सेवा तुमची आहे, त्यांची रोजीरोटी आहे. हे दोन्ही एका जागी मिसळले की आठवड्यात कुरबुर सुरू होते.

दिंडीत विणेकरी कोण, चोपदार कोण, स्वयंपाकाच्या ट्रकवर कोण, हे ठरलेले असते म्हणून हजारो माणसे पंढरपूरपर्यंत नीट चालतात. बांधकामावर तीच शिस्त हवी. एक माणूस सामानाच्या वहीवर, एक माणूस टेकू आणि सुरक्षेवर. तिसऱ्या माणसाकडे एकच काम, पाणी मारणे.

या तिसऱ्या माणसाबद्दल थोडे. जुनी भिंत वाळवायची असते आणि नवी भिंत भिजवत ठेवायची असते, ही गंमत बाहेरच्याला पटकन कळत नाही. आता बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले आहे. त्याला किमान दहा दिवस ओल हवी. दिवसातून तीनदा, ऑक्टोबरच्या उन्हात चारदा, भिंतीवर आणि पट्ट्यावर पाणी. पट्ट्यावर गोणपाट टाकून ते ओले ठेवले तर उत्तम. होते काय, की शनिवार-रविवारी सेवेकरी येतात, चार फूट भिंत चढवतात (एका दिवसात याहून जास्त चढवायचीही नसते), ‘माउली माउली’ करत निरोप घेतात, आणि सोमवारपासून त्या भिंतीकडे बघायला कुणी नसते. घरचा माणूस कामावर गेलेला, बाई रेशनच्या रांगेत. बुधवारी सांध्यावर नख ओढले की मसाला भुकटीसारखा गळतो. संत गाडगेबाबा कीर्तनाच्या आधी गावाचे रस्ते झाडायचे. आज ते या पट्ट्यात असते तर त्यांनी खराट्याबरोबर बादलीही उचलली असती, असे आम्हाला वाटते. दहा दिवस राहणारे दोन सेवेकरी पाठवा. त्यांना दुसरे काही आले नाही तरी चालेल.

छपराला पत्रा असेल तर हुकाचे भोक नळीच्या माथ्यावर पाडायचे, खोलगटात नाही. रबरी वॉशर सोडायचा नाही. उतारावर एका पत्र्यावर दुसरा किमान सहा इंच चढला पाहिजे. विजेचे बोर्ड या वेळच्या पाण्याच्या रेघेच्या वर, नवे अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. तो एक डबा घरातल्या सगळ्यांचा जीव वाचवू शकतो, आणि देणगीच्या यादीत कधीच नसतो.

आता कामाबाहेरचे, थोडक्यात.

देवघर तुम्ही आवरू नका. भिंतीतल्या कोनाड्यात गाळ भरलेला असतो, त्यात तळाशी ताम्हन, घंटा, टाक, कधी पोथीचा लगदा. हात घालण्याआधी घरच्या आजींना बोलवा. काय धुवायचे, काय विसर्जन करायचे, काय सावलीत ठेवायचे, ते त्या सांगतील. मुसलमानाच्या घरात कुराणाची भिजलेली पाने, ख्रिस्ती घरात बायबल, तिथेही हेच. तुम्ही ज्या देवाचे आहात तो त्या घरचा देव असेलच असे नाही.

मदतीच्या बदल्यात नामस्मरण, सदस्यत्व, मांसाहार सोडण्याची शपथ, असे काही मागू नका. कुणी मागत नाही असे म्हणाल, पण ज्याच्या घराची भिंत तुमच्या हातात आहे त्याला तुमची साधी सूचनाही अट वाटते. तुमच्या पंगतीत शाकाहारी जेवण असेल तर ते तुमच्या पंगतीत. घरच्यांच्या चुलीवर सुकट भाजली जात असेल तर वारा कुठल्या दिशेचा ते बघून बसा. दारावर मंडळाची पाटी लावायची असेल, तर आधी स्वतःच्या घरावर कुणी तशी पाटी लावली तर चालेल का, ते घरी जाऊन विचारा. ओट्याची उंची, न्हाणीघराची जागा, चुलीचे तोंड हे घरच्या बाईला विचारून. तुमच्या इंजिनिअरला तिच्या कमरेची उंची माहीत नसते.

गाव निवडताना मोठ्या रस्त्यावरचे निवडू नका. ट्रक तिथेच थांबतात. तहसील कार्यालयात पंचनाम्यांची यादी असते. ती बघून, ज्या गावात कुणी गेले नाही आणि जिथे विधवा, एकटे म्हातारे, भूमिहीन मजूर यांची घरे पडली आहेत, ते गाव मागून घ्या. एका मंडळाने पाच घरे पूर्ण करावीत. पन्नास घरांना प्रत्येकी दोन पोती सिमेंट वाटली, की पन्नास घरांत दोन-दोन पोती दगड होऊन पडतात.

शेवटी, परत या. काम संपल्यावर जिथे जिथे भेग होती तिथे तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवा आणि शेजारी तारीख लिहा. मे महिन्यात, पावसाच्या आधी, दोघांनी येऊन त्या पट्ट्या बघाव्यात. पट्टी सलग असेल तर भेग थांबली आहे, ती भरून चुना लावा. पट्टी तडकली असेल तर पाया अजून हलतो आहे. मग गवंड्याला बोलवा आणि जूनच्या आधी त्या भिंतीला पुन्हा टेकू द्या.

आपले,
कृष्णा-पंचगंगेच्या पूरपट्ट्यात घरे बांधणारे काही गवंडी, सुतार आणि स्थापत्य अभियंते